बुरशीची पाठवणी

आमचे सर चहात साखर घालत नसत, आणि त्यांना मधुमेह नव्हता. भोपाळात हे सोपं नाही. इथला चहावाला साखर तर घालतोच, वर चिमूटभर मीठही टाकतो, आणि बिनसाखरेचा मागितला की आपल्याला काहीतरी मोठं दुखणं झालंय अशा नजरेनं बघतो. भोपाळजवळच्या मंडीदीपला आमच्या कंपनीच्या फाटकाबाहेर जी टपरी होती, तिथं यावरून रोज खटका उडायचा. "साहब, शुगर है क्या आपको?" टपरीवाला विचारायचा. "शुगर नहीं है, अकल है," सर म्हणायचे. तो रोज विचारत राहिला, सर रोज चिडत राहिले, आणि मला वाटतं दोघांनाही त्यात मजा येत असावी.

साखरेवरचा हा राग बुरशीमुळे होता. सर बुरशीतज्ज्ञ. हे ऐकून लोक नाक मुरडतात, म्हणून आधी अगराबद्दल सांगायला हवं. अगर हे आसामकडचं झाड. ऊद म्हणून जे काळं, सुगंधी लाकूड अव्वाच्या सव्वा किमतीला विकलं जातं, ते या झाडात तयार होतं. पण आपोआप नाही. निरोगी अगराचं लाकूड पांढरं, हलकं, बिनवासाचं. त्यात बुरशी शिरली की झाड तिच्याशी झुंजतं, आणि त्या झुंजीत भोवतालचं लाकूड राळेनं काळं पडत जातं. तोच ऊद. जंगलात हे नशिबावर असतं. आमच्याकडे ते बाटलीत मिळायचं. आम्ही बुरशी काचेच्या प्लेटांवर वाढवायचो, तिचं पाणी करून बाटल्या भरायचो, आणि कंपनीची माणसं गिऱ्हाइकाच्या झाडाला बारीक भोकं पाडून त्यात ते पाणी सोडायची. गिऱ्हाइकं म्हणजे निवृत्त साहेब लोक, बिल्डर, फार्महाउसवाले. भोपाळच्या उन्हात आसामचं झाड हिरवी जाळी बांधून, नळ्यांनी पाणी पाजून जगवायचं आणि मग त्याला आजारी पाडायचं, असा तो सगळा कारभार होता.

मी तिथं लागले ती कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. माझे वडील नागपूरहून बदलून आलेले, मी टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरात वाढलेली. सर अमरावतीकडचे, राहायला अशोका गार्डनमध्ये. मराठी म्हणून मला त्यांनी घेतलं असं लॅबमधल्या इतर मुलींना वाटायचं. मराठी म्हणून ते मला दुप्पट बोलायचे हे खरं, कारण हिंदीत त्यांना मनासारखं टोचता येत नसे.

पहिल्याच आठवड्यात माझी एक प्लेट फार सुंदर आली. पांढरी शुभ्र, पिंजलेल्या कापसासारखी, काठापर्यंत गोल भरलेली. मी मोठ्या कौतुकानं दाखवायला नेली. सरांनी ती खिडकीशी धरली, आणि सरळ कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली.

"अवं, देखणी झाली म्हणजे बिघडली," ते म्हणाले. "बटाट्याचं पाणी आणि साखर खाऊन माजली ही. हिले लाकूड दाखवशील तर तोंड फिरवंल."

चेष्टा वाटली तरी शास्त्र खरं होतं. बुरशीला आयतं गोड खायला घालत राहिलं, तेच पिढ्यान् पिढ्या, तर ती फोफावते, पण जिवंत लाकडात घुसायची तिची ताकद जाते. त्यासाठी तिला मधूनमधून खऱ्या झाडात सोडावं लागतं, तिथं तिला झगडू द्यावं लागतं, आणि मग त्या लाकडातून पुन्हा काढून घ्यावं लागतं. लॅबमधल्या जुन्या राखीव नळ्या एका उन्हाळ्यात वीज जाऊन फ्रीजसकट वाया गेल्या होत्या, त्यामुळे हाताशी होती ती बुरशीची एवढीच वंशवेल. सरांनी ती तरुणपणी आसामच्या एका झाडातून स्वतः काढून आणली होती.

दिवाळी उलटून हवा गार झाली की सर या कामाला हात घालायचे. कुंडीतलं एखादं जाणतं रोप निवडायचं, त्याच्या एका जाड फांदीला भोक पाडायचं, आत बुरशी भरायची, वरून मेण लावायचं. याला त्यांनी नाव दिलं होतं, 'सासरी पाठवणं'. माझ्या आधीच्या मुलींनी त्याचा सोहळाच करून टाकला होता. त्या दिवशी कुंडीला हळदकुंकू लागायचं, रोपाच्या बुंध्याशी खण-नारळ ठेवला जायचा, कोणी मंगलाष्टकांची चाल गुणगुणायचं. हिंदीभाषक मुली त्याला 'बिदाई' म्हणत आणि खोटंखोटं रडत. सर वधूपित्यासारखे हात बांधून उभे राहायचे. वर्षातून त्या एका दिवशी ते नारळाची बर्फी खायचे, तीही एकच वडी.

होळीच्या सुमाराला फांदी कापून बुरशी परत मिळवली जायची. प्लेटवर ती उगवू लागली की सर रोज सकाळी आल्या आल्या विचारायचे, "आली का? कशी आली?" ती यायची ती करडी, रोडावलेली, कडा फाटक्या. बघवत नसे. सर मात्र चष्मा वर करून तिच्याकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, "काटक झाली. आता कामाची झाली."

एकदा मी त्यांना चिडवलं होतं. म्हटलं, सर, सासरी जाऊन सुधारते असं सांगणारे सगळे पुरुषच कसे हो? त्यावर ते मोठ्यानं हसले. मीही हसले. तेव्हा ती हसण्याचीच गोष्ट होती.

बक्षीस द्यावं तसं ते वर्षातून एकदा लॅबमधल्या कोणाला तरी चौक बाजारात अत्तरवाल्याकडे न्यायचे. जुन्या शहरातलं ते अरुंद दुकान, आणि गादीवर बसलेले म्हातारे मियां. सर खिशातून आमच्या झाडाची ढलपी काढून पुढं करायचे. मियां ती निखाऱ्यावर ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि आम्ही दोघं निकाल लागायच्या वेळी उभं राहावं तसे उभे. "खां, माल में दम है," असं ते अस्सल भोपाळी 'खां' लावून म्हणाले की सर परतीच्या वाटेवर स्कूटरवर शीळ घालायचे. तोंडावर मात्र आम्हाला कधी शाबासकी नाही. मी एकदा चांगलं काम केलं तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. बिघडवलं नाही."

गेल्या वर्षी सर गेले. मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. एका वक्त्यानं हात जोडून सांगितलं की, जखमेतून सुगंध निर्माण करणारा हा तपस्वी होता. माना डोलल्या. मी मागच्या रांगेत बसून दात आवळले. हे वाक्य सरांना जन्मात खपलं नसतं. कंपनीच्या माहितीपत्रकात असंच काही छापलं होतं, तेव्हा त्यांनी मालकाच्या समोर त्यावर रेघ मारली होती आणि म्हणाले होते, "वास विकणाऱ्याले येतो. झाडाले तो येत नाही. झाडाले फक्त भोक पडते." इतकं स्पष्ट कळत होतं त्या माणसाला. म्हणूनच मला त्यांना माफ करता येत नाही.

आता मनूबद्दल. मनू ही त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्याहून थोडी लहान, बडबडी, अर्धी मराठीत आणि अर्धी हिंदीत बोलणारी, जशा इथल्या सगळ्याच मुली बोलतात. घरात तिच्या वाट्यालाही साखर बेतानंच यायची. परीक्षेत पहिली आली तरी वडिलांच्या तोंडून "ठीक आहे" एवढंच. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, लपवून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. मनूचं लग्न इंदूरच्या एका चांगल्या म्हणवणाऱ्या मराठी घरात झालं. मुलगा इंजिनिअर, दारात गाडी, सासूबाई देवधर्माच्या. सगळं पाहून दिलं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी काकूंकडे गेले होते. बायका निघून गेल्यावर काकूंनी मला हातानं थांबवलं. आत स्वयंपाकघरात मनू बसली होती. सकाळच्या गाडीनं आली होती, एक बॅग घेऊन. पूर्ण बाह्यांचा स्वेटर, आणि बोलणं पार बंद. थोड्या वेळानं सर कामावरून आले. ती उठून उभी राहिली.

"बाबा, मी परत नाही जाणार," ती म्हणाली. "तो मारतो. सच में मारतो. मला इथेच राहू द्या ना."

सरांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, पाटावर बसले. मग म्हणाले, "सुरुवातीले जड जाते सगळ्याइले. इथं राहिली तर आई लाड करंल, मी करीन. लाडानं वाया जाशील तू. मग कोणाच्याच कामाची राहणार नाहीस."

मी तिथंच होते. ऐकताना मला आमची प्लेट दिसत होती. मी म्हटलं, "सर, मनू म्हणजे बुरशी नाही."

"तू हळदीकुंकवाले आली होती ना?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "झालं हळदीकुंकू. जाय घरी."

काकूंनी तिळगुळाचा डबा भरला. दुसऱ्या दिवशी सर तिला स्वतः स्कूटरवरून स्टेशनवर सोडून आले. त्यांच्या घरापासून स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. तिला पळून जायला वेळसुद्धा मिळाला नसेल. लॅबमध्ये आले तेव्हा त्यांचा चेहरा पाठवणीच्या दिवशी असायचा तसाच होता, हात बांधलेले, मान ताठ.

मी पुष्कळ विचार केला आहे यावर. सर दुष्ट नव्हते. दुष्ट माणसावर राग धरणं सोपं असतं. त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट मन लावून पाहिली होती, आणि ती गोष्ट खरी होती, म्हणून त्यांना वाटलं की ती सगळीकडेच खरी. पण त्यांच्याच गोष्टीत त्यांनी घोटाळा केला. मनूला ते बुरशी समजले. सासरच्या लाकडात जाईल, झगडेल, काटक होऊन येईल. अहो, त्या घरात भोकं पाडली जात होती ती मनूला. ती झाड होती. आयुष्य या एका कामात घालवलेला माणूस, आणि कोण झाड नि कोण बुरशी एवढं त्याला घरात ओळखता आलं नाही.

होळीच्या आधी इंदूरच्या एका दवाखान्यातून फोन आला. नवऱ्यानं कानशिलात मारली होती, ती अशी की मनूचा डावा कान गेला. पडदा फाटला, मग कान पिकला, मग ऐकू येणं कायमचं बंद झालं. सर आणि काकू धावत गेले. मनूनं आईला जवळ येऊ दिलं. वडिलांना नाही. नर्सकरवी त्यांना निरोप दिला की बाहेरच बसा. बरी झाल्यावर ती नागपूरला मावशीकडे गेली, तिथंच नोकरी धरली, घटस्फोट घेतला. भोपाळला आली नाही. सरांनी फोन केला तर ती उचलायची नाही, काकूंनी केला तर बोलायची, आणि मागून सरांचा आवाज आला की ठेवून द्यायची.

त्या होळीला आमच्या फांदीतून काढलेली बुरशी प्लेटवर आली होती. करडी, रोडकी, अगदी हवी तशी. मी ती सरांच्या टेबलावर ठेवली. "आली का" हे त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर मुलींनी नेहमीप्रमाणे तयारी केली. नव्या मुलींना काही ठाऊक नव्हतं. हळदकुंकू, खण, बर्फी, सगळं आणलं. सर हातात ड्रिल घेऊन कुंडीसमोर उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग ड्रिल खाली ठेवून म्हणाले, "राहू दे. नाही पाठवायची."

"सर, नाही पाठवली तर बिघडेल ती," मी म्हटलं.

"बिघडू दे. खाऊ दे साखर."

त्यानंतर त्यांनी तिला कधीच पाठवलं नाही. उलट साखर वाढवून घातली. प्लेटा सुंदर येऊ लागल्या, कापसासारख्या, काठोकाठ. आणि सर त्या टाकेनात. खिडकीत ओळीनं मांडून ठेवायचे, येता-जाता बघायचे. एकदा तर मी त्यांना प्लेटच्या झाकणावरून बोट फिरवताना पाहिलं. बाटल्या पूर्वीसारख्याच भरल्या जात होत्या, त्यांत आता काही दम नव्हता. मी दोनदा-तीनदा भांडले. म्हटलं, सर, तुमच्या आयुष्याची कमाई आहे ही, दुसरी वेल नाही आपल्याकडे. ते म्हणाले, "म्हणूनच."

व्हायचं ते झालं. गिऱ्हाइकांनी खोडं कापली तर आत पांढरं, कोरं लाकूड. मालक खवळला. सरांनी शांतपणे एक ढलपी उचलली आणि मला म्हणाले, चल, चौकात जाऊ. अत्तरवाल्या मियांनी ती निखाऱ्यावर ठेवली, डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग संकोचून म्हणाले, "खां, बुरा मत मानना. ये तो चूल्हे की लकड़ी है."

सर हसले. लग्नघरातला बाप सगळं पार पडल्यावर हसतो तसे हसले. पुढच्या महिन्यात कंपनीनं त्यांना काढलं, आणि वर्षभरात अगराचा विभागच गुंडाळला. मी कॉलेजात शिकवायला लागले. त्या सुंदर प्लेटा कोणीतरी भट्टीत घातल्या असतील.

काही दिवसांनी सरांना अर्धांग झालं. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. मी अधूनमधून जाऊन बसायची. काकू त्यांना चमच्यानं चहा पाजायच्या, साखर घातलेला, आणि ते पीत. मला नागपूरला एका लग्नाला जायचं होतं, हे कळल्यावर काकूंनी माझा हात धरला.

"तिला भेट," त्या म्हणाल्या. "तिला सांग, तिचं तसं झाल्यावर यांनी ती बुरशी पुन्हा कधी पाठवली नाही. नोकरी गेली, नाव गेलं, पण पाठवली नाही. तिला हे माहीतच नाही गं. कळलं तर येईल. एकदा येऊन जाऊ दे, यांचा जीव अडकलाय."

सर पलंगावरून ऐकत होते. त्यांनी मान हलवली. मलाही वाटलं, येईल. खोटं कशाला बोलू, ते सगळं मनात जुळवताना माझे स्वतःचे डोळे भरून आले होते.

मनू धंतोलीत एका खोलीत राहत होती. टापटीप घर, दारात दोन कुंड्या. मी कोचावर तिच्या डाव्या बाजूला बसले, तर ती उठून दुसऱ्या बाजूला आली. म्हणाली, "इकडून बोल ताई, तिकडचं बंद आहे." मी सगळं सांगितलं. पाठवणीचा दिवस, खाली ठेवलेलं ड्रिल, खिडकीतल्या प्लेटा, चौकातली ढलपी. रंगवून नाही, पण काही गाळूनही नाही. ती पूर्ण वेळ ऐकत होती. चहा गार झाला. मी बोलायची थांबले तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे बुरशीला ठेवून घेतलं त्यांनी," ती म्हणाली.

मी गार चहा एका घोटात संपवला.

ती रडली नाही, चिडली नाही. कप उचलून आत नेले, मला रिक्षापर्यंत सोडायला आली, आईच्या गुडघ्यांसाठी मलम दिलं. "बाबांना काही सांगायचं?" मी रिक्षात बसता बसता विचारलं. "जे बोलले तेच सांग," ती म्हणाली.

भोपाळला परतल्यावर मी थेट अशोका गार्डनला गेले. काकू आत चहा टाकत होत्या. सर उशीला टेकून बसले होते. मला एकटीला बघूनही त्यांनी दाराकडे मान वळवली.

"आली का?" जड जिभेनं त्यांनी विचारलं.

"नाही आली, सर."

"काय म्हणाली?"

मऊ करून सांगता आलं असतं. मी नाही केलं. कोणीतरी त्यांना एकदा बिनसाखरेचं सांगायला हवं होतं. "म्हणाली, बुरशीला ठेवून घेतलं त्यांनी."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायला त्यांनी उजवा हातही उचलला नाही. मला वाटलं, आता तरी कळलं. मी त्यांचा हात हातात घेतला. ओठ वाकडे करून ते काहीतरी जुळवत होते, म्हणून मी वाकून कान जवळ नेला.

"काटक झाली," सर म्हणाले. "आता कामाची झाली."

मी त्यांचा हात खाली ठेवला. काकू चहा घेऊन बाहेर येत होत्या, आशेनं माझ्याकडे बघत. मी मलमाची डबी त्यांच्या हातात दिली आणि चहा न घेता निघाले.